सणाच्या दिवशीचे फोटो : प्रस्तावना

मराठी घरातल्या भिंतीवर हार घातलेला जो फोटो असतो, तो पुष्कळदा लग्नातला असतो. ज्याचा फोटो आहे त्याच्या स्वतःच्या लग्नातला नव्हे. भाचीच्या, पुतण्याच्या, नाहीतर शेजाऱ्यांच्या मुलीच्या. माणूस गेलं की दहाव्याच्या आत फ्रेम हवी असते, आणि कपाटं धुंडाळल्यावर लक्षात येतं की आजोबांचा एकट्याचा असा फोटो कुणी कधी काढलेलाच नाही. मग लग्नातला ग्रुप फोटो घेऊन घरातलं कुणीतरी स्टुडिओत जातं. फोटोवाला तेवढा चेहरा उचलतो, मोठा करतो, मागचा मांडव पुसून तिथे निळा किंवा करडा रंग भरतो. फेटा असेल तर राहू देतो. नीट पाहिलं तर खांद्यापाशी कुणाच्या तरी शालूचा काठ राहून गेलेला असतो. वर्षश्राद्ध, पितृपक्ष, घरात काही चांगलं झालं की ठेवायचा पेढा, हे सगळं पुढे त्या चेहऱ्यासमोर होतं; आणि चेहरा मात्र अजून पंगतीची वाट पाहत असल्यासारखा प्रसन्न.

या पुस्तकातले फोटो अशाच घरांतून आले आहेत. आनंदाच्या आणि अडचणीच्या, अशा दोन्ही दिवसांतले फोटो पाठवा, असं संपादकांनी लोकांना सांगितलं होतं. आनंदाचे भरभरून आले: बारशी, मुंजी, लग्नं, गणपती-गौरी, सत्यनारायण, ईद, नाताळ, धम्मदीक्षेचा वर्धापनदिन. अडचणीचा म्हणून वेगळा जपून ठेवलेला फोटो जवळजवळ कुणाकडे निघाला नाही. यात नवल काही नाही. घरात कॅमेरा नव्हता तेव्हा फोटोवाल्याला बोलवायला पैसे लागत आणि पैसे खर्च करायला निमित्त लागे. गिरणी बंद पडली, विहीर आटली, कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, अशा दिवशी कोण फोटोवाल्याला निरोप धाडतो? तरीही ही पानं उलटताना, फोटोंच्या पाठीवरचा मजकूर वाचताना मला पुन्हा पुन्हा जाणवलं ते हे की अडचणीची वर्षं या सणांच्या फोटोंतच आहेत. मधल्या खुर्चीवर ती बसत नाहीत, कडेला उभी असतात; आणि कडेचं पाहायची सवय आपल्याला कमी.

दुःखाचे फोटो आपल्या मुलखात निघाले नाहीत असं मुळीच नाही. ते निघाले, पण दुसऱ्यांनी काढले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. त्यानंतरच्या महिन्यांतले इस्पितळांचे, तपासणी पथकांचे, घरं निर्जंतुक करणाऱ्यांचे फोटो आज पाहायला मिळतात. कॅप्टन मॉस या लष्करी अधिकाऱ्याची मालिका त्यांत विशेष माहितीची आहे. सरकार काम कसं चोख करतं आहे हे दाखवण्यासाठी काढलेले हे फोटो. त्यांतली माणसं उभी राहिलेली नाहीत, उभी केलेली आहेत. १८९७ मध्ये पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या, गोरे सोजीर माजघरात आणि देवघरात शिरले, आणि २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. हा भाग आपण शाळेत शिकतो. त्या झडत्यांत लोकांना सर्वांत जास्त काय लागलं असेल, तर देवघराला झालेला विटाळ आणि बायकामाणसांवर परक्यांची पडलेली नजर.

गंमत अशी की याच शहरांतल्या पांढरपेशा कुटुंबांत तोवर फोटो काढून घेण्याची चाल चांगली रुळली होती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर त्या काळात मुंबईत फोटोचा धंदाच मांडला होता. म्हणजे प्लेगच्या साली कॅमेरा घरांना नवा नव्हता. पण या कुटुंबांनी स्वतः पैसे मोजून काढून घेतलेल्या फोटोंत प्लेग शोधायला गेलात तर उंदीर दिसणार नाही, झोपडीवजा छावणी दिसणार नाही. एका फोटोत आई असते, पुढच्या फोटोत तिच्या जागी वयाने लहान अशी दुसरी बाई बसलेली असते, आणि थोरल्या मुलाने तिच्या खुर्चीवर हात ठेवलेला नसतो. प्लेग तेवढाच.

या बाबतीत फाळक्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दादासाहेब फाळक्यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून मोकळे होतो आणि त्यांचं फोटोग्राफीचं दुकान विसरतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले धुंडिराज फाळके गोध्र्याला फोटोग्राफर म्हणून बस्तान बसवत होते. १९०० च्या प्लेगात तिथे त्यांची पत्नी आणि मूल, दोघंही गेली. बडोद्याला परतून त्यांनी पुन्हा दुकान थाटलं, तर कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटतं, अशा समजुतीमुळे गिऱ्हाईक फिरकेना. ज्याच्या घरातली दोन माणसं नुकतीच गेली आहेत त्याला लोक सांगताहेत की तुझ्या पेटीने माणूस मरतं! यावर तो माणूस काय म्हणाला असेल, याची कल्पना मी पुष्कळदा करून पाहिली आहे.

पुढे फाळक्यांनी रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी लोणावळ्यात काम केलं. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, दत्त यांच्या रंगीत तसबिरी घरोघर पोचल्या, आणि ज्या घरात पितळी टाक आणि सुपारीचा गणपती यांपलीकडे देव नव्हते तिथेही देवाला चेहरा, दागिने आणि मागे तळं मिळालं. फाळक्यांचा हात आधी या तसबिरींवर बसला आणि मग हलत्या देवावर. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या राहत्या घरात तयार झाला. फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, अंधारात पट्ट्या धुणं, या कामांत त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई होत्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करत. भांडवलासाठी त्यांचे दागिने गेले. थोरला मुलगा भालचंद्र पडद्यावर रोहिदास झाला. सहा वर्षांनी ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन कालियाच्या फण्यावर नाचली, आणि तिला पाहून प्रेक्षकांनी हात जोडले. प्लेगने रिकामं केलेलं घर, पुन्हा मांडलेला संसार, देव आणि कॅमेरा ही सगळी एका स्वयंपाकघरात आली, म्हणून या पुस्तकाच्या दृष्टीने मला फाळके फार जवळचे वाटतात. सिनेमाच्या इतिहासात सरस्वतीबाईंचा उल्लेख बहुधा एका परिच्छेदात उरकतात. त्यांच्यावर एक जाड पुस्तक व्हायला हवं होतं.

घरचा फोटो काढायचं दुसरं मोठं कारण म्हणजे दूर गेलेलं माणूस. आनंदीबाई जोशींचा एक फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे: १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय, डावीकडे नऊवारीतल्या आनंदीबाई, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, शेजारी सीरियाच्या साबात इस्लामबुली. हा फोटो हल्ली अभिमानाने फिरवला जातो आणि तो अभिमान रास्तच आहे. पण घरच्या फोटोसारखा तो पाहिला की वेगळं काही दिसतं. चौदाव्या वर्षी या मुलीने दहा दिवसांचं बाळ गमावलं होतं. अमेरिकेच्या थंडीत नऊवारी नेसण्याचा हट्ट, परक्या देशात शाकाहार सांभाळणं, समुद्रापार गेल्याबद्दल इकडे चाललेली टीका, हे सगळं त्या पदराच्या घडीत आहे. पुढच्या मार्चमध्ये पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या तेव्हा बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत, कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. ज्यांना त्या मावशी म्हणत, त्या मावशीचं घर ते.

आनंदीबाई प्रसिद्ध म्हणून त्यांचा फोटो उरला. तसेच कारण असलेले शेकडो फोटो कोकणातल्या आणि घाटावरच्या पेट्यांत आहेत. गिरणगावातल्या खोलीत वीसजणांत राहणारा चाकरमानी उसन्या कोटात, रंगवलेल्या पडद्यापुढे, हातात घड्याळ दिसेल अशा बेताने उभा राहतो आणि फोटो मनीऑर्डरच्या मागोमाग गावाला जातो. खुशाली कळवणारा फोटो तो, त्यामुळे त्यात खरं असण्याची कुणी अपेक्षाही करत नसे. मराठा आणि महार पलटणींतले शिपाई गणवेशात. आखातात गेलेला जावई गाडीला टेकून. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांनी तिकडून पाठवलेले, पाठीवर मराठीत चार ओळी लिहिलेले फोटो. अलिबाग-पनवेलकडच्या त्यांच्या जुन्या घरांत एलियाहू हन्नबीची तसबीर असे, आणि नव्या देशातल्या भिंतीवरही ती गेली. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत वेदीशेजारी आफ्रिकेला गेलेल्या मुलांचे फोटो लागत. पणजीच्या ‘सोझा अँड पॉल’ या स्टुडिओने त्या प्रदेशातली किती घराणी काचेवर उतरवली असतील!

कुटुंबाच्या फोटोंतला मला सर्वांत जास्त थांबवणारा फोटो मात्र एका फार मोठ्या माणसाच्या घरचा आहे. फेब्रुवारी १९३४, दादरचं राजगृह. यशवंत, बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई, थोरल्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि पुढे टॉबी नावाचा कुत्रा. गोलमेज परिषदा झाल्या आहेत, पुणे करार झाला आहे, नाव जगभर पोचलं आहे, आणि हे गृहस्थ घरच्यांबरोबर, कुत्र्यासकट, फोटोला बसले आहेत. या दांपत्याची बाकीची मुलं लहानपणीच गेली होती. उरला तो यशवंत. रमाबाईंची प्रकृती ढासळलेली होती आणि पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ ला त्या गेल्या. त्यांना पंढरपूरला जायची फार इच्छा होती आणि जिथे देवळाबाहेर उभं राहावं लागतं त्या पंढरपूरला काय जायचं, आपण आपलं दुसरं पंढरपूर उभं करू, असं बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं, ही आठवण घरोघर सांगितली जाते. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले ते १९४७ साली, रमाबाई जाऊन बारा वर्षं झाल्यावर. हे डोक्यात ठेवून तो फोटो पाहावा. श्रद्धा म्हटली की आपल्याला आरतीचं तबक आठवतं. न झालेल्या दर्शनाचा फोटो कसा असतो, तो हा. पुढे १९५६ च्या १४ ऑक्टोबरच्या धम्मदीक्षेनंतर हजारो घरांतल्या भिंती बदलल्या. खंडोबा-मरीआईच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले, आणि त्यांच्या खाली घरातल्या गेलेल्या माणसांच्या फ्रेमा.

देवाच्या फोटोबद्दल आणखी थोडं. कॅमेरा आला त्याच्या आधी होऊन गेलेल्या संतांचा चेहरा कुणालाच ठाऊक नाही. ज्ञानोबा-तुकोबांचे आपण जे चेहरे ओळखतो ते चित्रकारांनी आणि नटांनी दिलेले. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने तर कमाल केली: विष्णुपंत पागनीसांचा चेहरा लोकांनी तुकोबांचा म्हणून देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. उलट शिर्डीचे साईबाबा १९१८ च्या दसऱ्याला गेले ते कॅमेऱ्याच्या काळात. त्यांचे थोडके फोटो आहेत, आणि आज जगभरच्या घरांत दिसणारं रूप त्यांच्यावरूनच पुढे रंगत गेलं. गाडगेबाबांच्या फोटोला तर हार घालायलाही संकोच वाटतो. हातातलं गाडगं आणि अंगावरच्या चिंध्या रंगवून गोड करता येत नाहीत. मूर्तीला प्राणप्रतिष्ठा लागते, फोटोला काही लागत नाही. खिळा आणि उदबत्तीचं घर पुरतं. भाड्याच्या खोलीत, छपराच्या घरात, ट्रकच्या टपावरच्या पाटीखाली देव सहज मावला तो यामुळे. आणि खोली सोडताना भिंतीवर राहतो तो धुराने काळा झालेला चौकोन.

आता घरच्या अल्बमकडे येऊ. बहुतेक मराठी कुटुंबांत दरवर्षी न चुकता निघालेला एकच फोटो असतो: गणपतीपुढचा. कोपरा तोच, मखर थोडं वेगळं, बाजूला गौरींचे मुखवटे, समोर सतरंजीवर मुलं. मूर्तीच्या उंचीवरून मुलांची वाढ मोजता येते. मखराच्या सामानावरून घरची परिस्थिती कळते: एका वर्षी थर्माकोलचा महाल, पुढच्या वर्षी साड्यांचा पडदा. पाचव्या वर्षी फोटोत नवी सून, सहाव्या वर्षी तिच्या मांडीवर मूल. आणि मध्येच एखादं वर्ष गायब. ते वर्ष सुतकाचं. घरात माणूस गेलं की वर्षभर सण धरत नाहीत, गोडधोड करत नाहीत, दिवाळीचा फराळ शेजारचे किंवा नातेवाईक आणून देतात; गणपती बसवलाच तर भावाकडे. फोटो निघत नाही. पुढच्या वर्षी सगळे पुन्हा त्याच कोपऱ्यात, एक जागा सोडून बसलेले. गेलेल्या माणसाची तारीख कुठे लिहिलेली नसेल तर ती या मोकळ्या वर्षावरून काढता येते, हे संपादकांनी या पुस्तकात एकदा नव्हे पुष्कळदा केलं आहे.

रोलच्या काळाने याला आणखी एक वळण दिलं. बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री हा कॅमेरा सत्तरच्या दशकात कित्येक घरांतला पहिला कॅमेरा. त्याच्या रोलवर बारा चौकोनी फोटो. उटीच्या सरकारी कारखान्यात ‘इंदू’ फिल्म बनू लागली ती १९६७ पासून, पण फिल्म ही चीज स्वस्त कधीच नव्हती. नंतर छत्तीसचा रोल आला तरी तो एका दिवसात संपवायचा नसतो, हे शहाणपण घरात मुरलेलं होतं. त्यामुळे एका रोलवर गणपती, मधल्या आळीतलं बारसं, दिवाळी आणि कधी संक्रांतीचं हळदीकुंकूसुद्धा. रोल धुवायला टाकायचा तो संपल्यावरच. आणि मग घडायचं ते असं की गणपतीत मोदक वळणाऱ्या आजीचा फोटो दिवाळीनंतर धुऊन आला तेव्हा आजी नव्हती. सणाची पाकिटं उघडताना घरात रडारड झाली, असं पाठीवर लिहिलेले फोटो या संग्रहात आहेत. रडण्याचा फोटो अर्थात नाही.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्टही अशीच दोन ढिगाऱ्यांत वाटली गेली आहे. वर्तमानपत्रांनी खडी फोडणाऱ्या बाया दाखवल्या, पाझर तलावावरची रांग दाखवली, तडकलेली जमीन तर इतकी दाखवली की तिचा पुढे छापच होऊन बसला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. सुकडी आणि अमेरिकेचा लाल मिलो खाऊन दिवस काढलेली पिढी अजून हयात आहे. पण त्यांच्या घरी जाऊन फोटो मागा. मिळेल तो लग्नाचा. लग्नं थांबली नव्हती. नगर, सोलापूर, बीडकडचे त्या दोन वर्षांतले फोटो जवळून पाहिले तर गळ्यात काळ्या मण्यांपलीकडे काही नसलेली नवरी दिसते, वऱ्हाडात पुरुषांची संख्या कमी दिसते, कारण ते कामावर किंवा शहरात. वर्तमानपत्रातला फोटो आणि हा फोटो शेजारी ठेवले म्हणजे दुष्काळ पुरा दिसतो. पहिला जतन करायला ग्रंथालयं आहेत. दुसरा ट्रंकेत पडला आहे.

ट्रंकेचा शत्रू पाणी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या पेठांतल्या घरांमधून जे वाहून गेलं त्यात सोनं-नाणं, भांडी यांची यादी लोकांनी पुढे केली. फोटोंची यादी कोण करणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव झोपलेलं असताना किल्लारीची माती हलली आणि दगडमातीच्या भिंतींबरोबर त्यांवरच्या फ्रेमा गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी घरात शिरलं, तेव्हा उतरल्यावर लोकांनी अल्बम उन्हात वाळत घातलेले दिसले. या ठिकाणी प्रस्तावनेची चाल सोडून थोडं व्यवहाराचं बोलतो, कारण ते कुठे लिहिलेलं सापडत नाही आणि पूर दरवर्षी येतो.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पाण्यात तो फुगतो आणि सुकताना सरसासारखा चिकटतो. म्हणून भिजलेला अल्बम तसाच वाळू दिला की फोटोंची वीट होते, आणि ती सोडवायला गेलं की चेहरे निघून येतात. भिजलेले फोटो सुकू न देता स्वच्छ, गार पाण्यात बुडवून ठेवावेत. बरेचसे आपोआप सुटे होतात. चिखल बोटाने पुसू नये, पाण्यातच हलवून जाऊ द्यावा. मग चित्राची बाजू वर करून सावलीत, हवेशीर जागी सुट्या कागदावर वाळवावेत. ऊन नको, इस्त्री तर नकोच. फार असतील आणि घर आवरायचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी चालतात. नुकसान तिथेच थांबतं आणि पुढचं काम सवडीने करता येतं. काचेला चिकटलेला फोटो उचकटू नये, काचेवरूनच स्कॅन करून घ्यावा. पाणी नसलं तरी ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम फोटो खातात, आणि त्या काळातल्या रंगीत प्रिंट कपाटाच्या अंधारातही लाल पडत जातात. आजोबांच्या मुंजीचा काळा-पांढरा फोटो शाबूत आणि नातीच्या बारशाचा उडालेला, हे त्यामुळे. रसायनशास्त्राला वडीलधाऱ्यांचा मान कळतो म्हणायचा.

फोटोच्या कडेबद्दल सुरुवातीला बोललो. तिथे कोण असतं हे जरा बघायला हवं. जुन्या ग्रुप फोटोंत आलवणातली आत्या बसलीच तर अगदी टोकाला, आणि बहुतेकदा बसतच नाही. पोरांना आवरायला आत असते. घरकाम करणारी बाई मूल कडेवर घेऊन अर्धी चौकटीत आलेली असते. ज्याच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर आहे तो भाऊ मागच्या ओळीत. घरी कॅमेरा आल्यावर वडील दिसेनासे झाले, कारण कॅमेरा त्यांच्या हातात. वीस वर्षांच्या अल्बममध्ये वडिलांची सावली तेवढी सतरंजीवर, अशी कुटुंबं कमी नाहीत. आणि आया? आई जवळजवळ प्रत्येक फोटोत आहे, पण बसलेली नाही. काहीतरी वाढते आहे, कुणाचं तरी नाक पुसते आहे, नैवेद्याच्या पानाकडे बघते आहे. स्त्रियांच्या हातात कॅमेरा उशिरा आला. होमाई व्यारावालांसारखी बाई, जिची सुरुवातीची चित्रं नवऱ्याच्या नावाने छापली गेली, ती देशाची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार झाली हा अपवादच. घरातल्या बाईने घराचा फोटो काढायला मोबाइल यावा लागला.

मोबाइलने आणखी एक गोष्ट पहिल्यांदा केली: अडचणीचा फोटो घरच्यांनीच काढला. २०२० साली, करोनाच्या साथीत, आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी ते दृश्य घरात, पडद्यावर पाहून हात जोडले, आणि पडद्याचाही फोटो काढला. त्या वर्षी घरगुती गणपती दोन फुटांचा, आरतीला तोंडावर मास्क, टाळ वाजवायला दोन माणसं आणि बाकीची व्हिडिओ कॉलवर. इस्पितळाच्या खाटेवरून केलेल्या कॉलचे स्क्रीनशॉट, स्मशानाबाहेरून काढलेला धुराचा फोटो, वाफ घेणारी आई. इतकी जवळून टिपलेली साथ इतिहासात दुसरी नसेल. आणि तरीही हे फोटो या संग्रहात फार थोडे आले. संपादकांनी विचारलं तेव्हा पुष्कळांनी सांगितलं की ते पुसून टाकले. पाहवेनात. गेलेल्या माणसाचा म्हणून जो भिंतीवर लावला तो पुन्हा जुन्या लग्नातलाच, फरक एवढाच की या खेपेला तो व्हॉट्सअॅपच्या डीपीवरून उचलला. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. कुटुंब हे संग्रहालय नव्हे. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं याचा निवाडा घराने करायचा असतो, आणि तो बहुतेक वेळा देवघरात काय शोभेल या हिशेबाने होतो.

वाचकाला दोन शब्द पुस्तकाच्या मांडणीविषयी. फोटो सालवार लावलेले नाहीत, सणवार लावले आहेत: चैत्रातल्या हळदीकुंकवापासून फाल्गुनातल्या होळीपर्यंत, आणि त्यांतच ईद, नाताळ, आंबेडकर जयंती, बुद्धपौर्णिमा आपापल्या ठिकाणी. त्यामुळे एकाच पानावर १९११ आणि १९९८ शेजारी येतात. याची सुरुवातीला अडचण होईल, मग होणार नाही. नावं देणाऱ्यांच्या इच्छेनुसार दिली किंवा वगळली आहेत. फोटोच्या पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट छापला आहे, कारण ‘सौ. ताईच्या बारश्याला, काका नव्हते’ या ओळीतली ‘काका नव्हते’ ही नोंद कोणत्याही तळटीपेपेक्षा अधिक सांगते.

ज्यांच्या घरी असे फोटो आहेत त्यांनी एखाद्या सुट्टीत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून नावं लिहून काढावीत. बॉलपेनने नको, त्याची शाई पुढून उमटते आणि टोक कागद दाबतं. मऊ शिसपेन्सिलीने, पाठीवर, कडेला. नाव आठवत नसेल तर निदान गाव आणि सण. या पुस्तकात दोन्ही नसलेले फोटो शेवटच्या विभागात एकत्र घेतले आहेत. त्यांतल्या कुणाची ओळख पटली तर पानाचा क्रमांक, आणि माणूस डावीकडून कितवं उभं आहे ते, प्रकाशकांना जरूर कळवावं. पुढच्या आवृत्तीत ते नाव जागेवर पडेल.